खांदेपालट

आमच्या संगमेश्वर तालुक्यात कुणाला दवाखान्यात नेलं की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, "कुठं नेलात? सरकारीत की संस्थेत?" सरकारी म्हणजे जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर संगमेश्वरचं किंवा देवरुखचं ग्रामीण रुग्णालय. संस्था म्हणजे देवरुखचं मातृमंदिर, किंवा तालुका ओलांडून पलीकडे डेरवणचं वालावलकर रुग्णालय. खासगी डॉक्टर हा तिसरा पर्याय, पण त्याचं नाव खिसा चाचपून मगच घ्यायचं.

या तालुक्यात मी तेहतीस वर्षं आरोग्यसेवक म्हणून काढली. तापाच्या माणसाचं रक्त काचपट्टीवर घ्यायचं, विहिरीत टीसीएल पावडर टाकायची, लसीची पेटी खांद्याला अडकवून वाड्या चढायच्या, हे माझं काम. या हिंडण्यात एक गोष्ट ध्यानात आली. सरकारीतून आलेला माणूस तक्रार करतो आणि संस्थेतून आलेला आभार मानतो. गोळी तीच, इंजेक्शन तेच, पण सरकारीत डॉक्टर दहा मिनिटं उशिरा आला तर माणूस बडबडतो आणि संस्थेत तासभर बसावं लागलं तरी हात जोडून बाहेर पडतो. आमचे लोक कृतघ्न आहेत असं यावरून कुणी समजू नये. आपलं असेल तिथं माणूस भांडतो, दुसऱ्याचं असेल तिथं संकोचतो, एवढाच त्याचा अर्थ.

पुढं दिवस बदलले. सरकार आणि संस्था एकत्र काम करायला लागल्या. तालुक्याच्या मीटिंगमध्ये 'भागीदारी', 'लोकसहभाग' हे शब्द येऊ लागले. डॉक्टर सरकारचा आणि गाडी संस्थेची, यादी आमची आणि चष्मे त्यांचे, असं सुरू झालं. चांगलंच होतं ते. पण माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. दोघांनी मिळून केलेल्या कामात माणसानं तक्रार करायची की आभार मानायचे? आणि तक्रार करायची झालीच, तर कुणाकडे?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना पोलिओने त्याचा उजवा पाय गेला. साल १९६३. त्याच्यासाठी सरकारची आणि संस्थांची दारं आमच्या घरानं साठ वर्षं झिजवली आहेत. म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण आमच्या भागात संस्था म्हटलं की ती आठवल्यावाचून राहत नाही. १९५४ साली इंदिराबाई हळबे या बाईंनी देवरुखात दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं. सगळा तालुका त्यांना मावशी म्हणायचा. त्या काळात बाळंतपण म्हणजे घरातली काळोखी खोली आणि वाडीतली सुईण. अडली तर देवाला गाऱ्हाणं. डॉक्टरपर्यंत नेईतो बाई जगली तर नशीब. स्वतः विधवा असलेल्या एका बाईनं दुसऱ्यांच्या सुना-लेकींसाठी दोन खाटा मांडल्या, त्यातून मातृमंदिर उभं राहिलं. दवाखाना वाढला, 'गोकुळ' नावाचं अनाथ मुलांचं घर झालं, बालवाड्या झाल्या.

मावशींनी केलं ते काम कुणाचं होतं? भोर समितीचा अहवाल १९४६ सालचा. पैसे नाहीत म्हणून कुणाला वैद्यकीय मदत नाकारली जाऊ नये, हा त्या अहवालाचा पाया होता. स्वातंत्र्यानंतर सरकारनं तो मार्ग धरला, १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडायला सुरुवातही झाली. म्हणजे कागदावर हे काम सरकारचं ठरलेलं होतं. पण कागद दिल्लीहून निघून कोकणातल्या डोंगरवाडीला पोचायला वेळ लागतो, आणि पोटातलं मूल कागदासाठी थांबत नाही. मावशी थांबल्या नाहीत, एवढं मला समजतं.

माझा एक सहकारी होता, युनियनचा खंदा कार्यकर्ता. त्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणायचा, "भाऊ, या संस्था नसत्या ना, तर सरकारला झक मारत करावं लागलं असतं. ह्या मधे पडतात, म्हणून सरकार निवांत झोपतंय." आमचा हा वाद चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं चालला. तो एकदम चुकीचं बोलायचा असं नाही. एखाद्या गावात संस्थेची गाडी येऊ लागली की तिथली रिकामी जागा भरायची घाई कुणाला राहत नाही, हे मीही पाहिलंय. पण मी त्याला एकच विचारायचो, "सरकार जागं होईपर्यंत ती बाई कुठं थांबणार होती?" यावर तो चहा संपवायचा आणि बिडी पेटवायचा.

डोलीबद्दल इथं सांगायला हवं, कारण आमच्याकडची माणुसकी आणि आमच्याकडचं दुर्दैव दोन्ही त्या एका वाशाला बांधलेलं असायचं. सह्याद्रीच्या अंगाला असलेल्या आमच्या वाड्या रस्त्यापासून कोस-दोन कोस आत. मध्ये पाखाडी, पऱ्या, त्यावर लाकडी साकव. पावसात साकव वाहून गेला की वाडी तुटली. माणूस आजारी पडला की मजबूत वासा घ्यायचा, त्याला घोंगडी झोळीसारखी बांधायची, आत माणूस निजवायचा आणि पुढं एक, मागं एक असे खांद्यावर घेऊन चालायचं. सोबत आठ-दहा गडी. जिथं गाडीरस्ता पोचला नाही तिथं ही पाळी अजून येते.

डोली वाहण्याला ताकदीपेक्षा शिस्त जास्त लागते. एकाचा खांदा भरून आला की दुसरा त्याच्या बाजूनं पावलं जुळवत चालू लागतो, वाशाखाली खांदा घालतो आणि म्हणतो, "आला." मग पहिला बाजूला होतो. "आला" ऐकल्याशिवाय खांदा काढायचा नाही. याला आम्ही खांदेपालट म्हणतो. मंत्रिमंडळाची खांदेपालट पेपरात वाचतो, ती वेगळी. तिथं वासा कुणाच्याच खांद्यावर नसतो बहुधा. आमच्या खांदेपालटीत आतल्या माणसाला कळतसुद्धा नाही की खांदा बदलला. त्याला धक्का बसला, की वाहणाऱ्यांचं चुकलं.

सरकार आणि संस्था यांच्या भागीदारीकडे मी याच नजरेनं बघतो. कुणाचा खांदा मोठा, कुणाचं नाव आधी, हा वाद वाहणाऱ्यांचा. डोलीतल्या माणसाला धक्का बसला की नाही, हे पहिलं विचारायला हवं.

आता भावाची गोष्ट. १९६८ साली बाबा त्याला घेऊन एसटीनं मुंबईला गेले. लालबागला आमचे काका चाळीत राहायचे. त्यांच्या ओळखीनं एका धर्मादाय दवाखान्यात धाकट्याच्या पायाचं माप घेतलं आणि लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे असलेला कॅलिपर करून दिला, फुकट. धाकटा तेव्हा सात वर्षांचा. तोवर तो उजव्या मांडीवर हात दाबून चालायचा. कॅलिपर लावून तो पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा काकीनं चाळीतल्या बायकांना बोलावून दाखवला. गावी आल्यावर पाखाडीवरून टक्-टक् आवाज करत तो शाळेत जायचा. आईला लांबून कळायचं, लेक आला.

दोन वर्षांत तो वाढला, कॅलिपर वाढला नाही. पट्ट्या मांडीत रुतायला लागल्या, बूट लहान झाला. मुंबईला पत्र टाकलं. उत्तर आलं की ती मदत एकदाच देता येते, आता सरकारी दवाखान्यात विचारा. सरकारी दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, ज्यांनी दिला त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. दोघंही नम्रपणे बोलले, दोघांचंही नियमानुसार बरोबर होतं. बाबांकडे परत मुंबईला जायचे पैसे नव्हते. कॅलिपर पडवीतल्या खुंटीवर गेला आणि धाकटा परत मांडीवर हात दाबून चालू लागला.

आपल्याकडे म्हण आहे, भागीचे घोडे किवणाने मेले. घोड्याचे मालक दोन, म्हणून प्रत्येकाला वाटलं की दाणा दुसऱ्यानं घातला असेल. त्या कॅलिपरकडे बघून आई हीच म्हण म्हणायची. वाईट मनानं कुणीच वागलं नव्हतं. एकानं खांदा काढला आणि दुसऱ्यानं "आला" म्हटलं नव्हतं, एवढंच.

याच्या उलट एक काम मी डोळ्यांनी पाहिलं आणि हातांनी केलं. पोलिओची तोंडातून द्यायची लस १९७८ नंतरच्या सरकारी लसीकरण कार्यक्रमातून हळूहळू खेड्यांत आली. धाकट्यासाठी उशीर झाला होता. १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झालं. एकाच दिवशी देशभर पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला दोन थेंब. लस, बर्फ, यादी, हिशेब सरकारचा. रोटरीनं १९८५ पासूनच जगभर पोलिओचं काम अंगावर घेतलं होतं, त्यामुळे टोप्या, फलक, कधी गाडी, कधी कार्यकर्त्यांना नाष्टा असं काही त्यांच्याकडून यायचं. बूथवर अंगणवाडीच्या ताई, शाळेचे गुरुजी, मंडळाची पोरं. बूथ संपला की दुसऱ्या दिवसापासून घरभेटी. घरातलं प्रत्येक मूल डोस घेतलेलं असेल तर भिंतीवर 'पी' लिहायचं, एकही राहिलं असेल तर 'एक्स'. 'एक्स' लिहिलेल्या घरी परत जायचं, तो पुसून 'पी' होईपर्यंत.

मला वाटतं, त्या खडूच्या खुणेत भागीदारीचं सगळं शहाणपण होतं. काम एक, मोजणी एक, आणि राहिलेलं मूल कुणाचं हे भिंतीवर लिहिलेलं. मूल राहिलं तर रोटरीकडे बोट दाखवायची सोय नव्हती, गुरुजींकडेही नव्हती. यादी माझ्या सहीची होती. लोक मदतीला आले म्हणून माझी जबाबदारी कमी झाली नाही, उलट दहा जण बघत होते म्हणून वाढली. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

त्याच वर्षी मी निवृत्त झालो. त्या संध्याकाळी मी धाकट्याला मोठ्या आनंदानं बातमी सांगितली. तो संगमेश्वरच्या बाजारात शिवणकाम करतो. मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला, "दादा, तुमचं शून्य झालं. चांगलं झालं. माझ्यामागून कुणाला हे नको. पण आम्ही कुठल्या खान्यात?"

त्याला कुत्सित बोलायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तो खरंच विचारत होता. रोगाची मोजणी नव्या रुग्णांची असते. नवा रुग्ण नाही, म्हणजे शून्य. पण ज्यांना आधीच होऊन गेला, ते त्या शून्याच्या बाहेर लंगडत चालतच असतात. रोग संपवणं ही मोहीम असते. तिला तारीख असते, फलक असतात, शेवट असतो. रोगानं मागं ठेवलेल्या माणसाबरोबर राहणं याला शेवट नसतो. म्हणूनच पहिल्या कामाला भागीदार पुष्कळ मिळतात आणि दुसऱ्याला मिळत नाहीत.

मोतीबिंदूचंच बघा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ चा. पुढं त्यात संस्थांना सामील करून घेतलं, शस्त्रक्रियेमागे ठरावीक अनुदान देऊ लागले. शिबिरं भरली, म्हातारी माणसं गाड्या भरून गेली आणि डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आली. हजारोंना दिसायला लागलं. माझी आत्या त्यातलीच. ही भागीदारी जमली, कारण मोतीबिंदू एका डोळ्याचा एकदाच काढायचा असतो. शिबीर हे त्या कामाच्या मापाचं आहे. पण तेच शिबीर पोलिओच्या पायासाठी भरवलं की घोटाळा होतो. पाय दर वर्षी वाढतो. श्रवणयंत्राचा सेल संपतो. तीनचाकीची चेन तुटते. मतिमंद मुलाची आई म्हातारी होते. या गोष्टींना शिबीर पुरत नाही. त्यांना महिन्याच्या महिन्याला उघडणारं एक दार लागतं, आणि त्या दारात ओळखीचं माणूस लागतं.

साहित्य वाटपाचे कार्यक्रम मी कितीतरी पाहिले. मंडप, पाहुणे, हार. एका रांगेत खुर्च्या मांडून ज्यांना काही द्यायचं त्यांना सकाळपासून बसवलेलं. मग पाहुणे येणार, कुबडी हातात देणार, फोटो निघेपर्यंत ती कुबडी दोघांनी धरून ठेवायची. संस्थेलाही दोष किती द्यावा? देणगीदाराला फोटो दाखवला नाही तर पुढल्या वर्षी कुबड्या कुठून आणायच्या? सरकारी अधिकाऱ्याला अहवालाला फोटो लागतो. दोघांची गरज एकाच फोटोत भागते. पण त्या फोटोतली म्हातारी हात जोडून उभी असते. तिच्या हातात आलेली कुबडी कदाचित तिच्याच गावच्या ग्रामपंचायतीच्या पैशातली असते. घरपट्टी तिच्या मुलानंच भरलेली असते. तरी हात तीच जोडते.

हे मला खरं नैतिक कोडं वाटतं. संस्थेच्या हातून वाटला की हक्क उपकार होऊन बसतो. आणि सरकारच्या हातून वाटला की उपकारातला जिव्हाळा जातो, टोकन नंबर उरतो. माणसाला दोन्ही हवं. आपलं आहे म्हणून मिळावं, आणि देणाऱ्यानं आपल्याकडे माणूस म्हणून बघावं.

असं घडू शकतं, हेही मी पाहिलंय. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्ह्याला जावं लागतं. किमान ४० टक्के असल्याशिवाय बहुतेक योजना लागू होत नाहीत, आणि टक्के ठरवणार डॉक्टरांचा बोर्ड, ठरल्या वारी. धाकट्यानं हा दाखला तीनदा काढला. आधी हातानं लिहिलेला, मग संगणकावरचा, मग युडीआयडीचं कार्ड. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "दादा, मधल्या काळात पाय उगवलाय की काय, ते बघतात बहुतेक." एका वेळी तर पहाटेच्या एसटीनं गेलो आणि डॉक्टर रजेवर म्हणून तसेच परत आलो. धाकटा मिळवता माणूस, त्याचा एक दिवस गेला. आमच्याबरोबर रांगेत एक आई होती. बारा वर्षांचा मुलगा तिनं पाठंगुळी आणला होता. तिचं काय गेलं ते तिलाच ठाऊक.

पुढं एका संस्थेच्या कार्यकर्तीनं साधी गोष्ट केली. गावोगावची नावं गोळा केली, बोर्डाच्या दिवसाआधी फोन करून डॉक्टर असल्याची खात्री केली, जीप भाड्यानं ठरवली आणि एका खेपेत नऊ जणांना नेलं. तिकडं बोर्डावरच्या डॉक्टरांनी, लांबून आलेली माणसं आहेत म्हणून, वेळ संपल्यावरही बसून सगळ्यांना तपासलं. कुणाचा सत्कार झाला नाही, फोटो निघाला नाही. दाखला सरकारनं दिला, कारण तो देणं सरकारचंच काम. बाईनं फक्त माणूस आणि सरकार यांच्यातला डोंगर थोडा कमी केला. जीपमधून परत येताना ती मुलाची आई डॉक्टरांबद्दल तक्रार करत होती, की माझ्या झिलाचे टक्के कमी धरलेनी. मला ते ऐकून बरं वाटलं. ती आभार मानत बसली नव्हती. आपलं समजून भांडत होती.

सहकाऱ्याबरोबरच्या वादाचं उत्तर मला असं तुकड्यातुकड्यानं सापडत गेलं. संस्थेचं मोल ती सरकारच्या आधी पोचते यात आहे. सरकारचं मोल ते सगळ्यांपर्यंत पोचतं यात असायला हवं. संस्था आपलं गाव निवडू शकते, आपला आजार निवडू शकते. मूकबधिरांसाठी काम करणारी संस्था अंधांना नाही म्हणू शकते, त्यात गैर काही नाही. सरकारला ही मुभा नाही. जो कुणाच्याच यादीत बसत नाही, तो सरकारचा. म्हणून एखाद्या तालुक्यात चांगली संस्था आहे, तेव्हा इथं सरकारनं काही करायची गरज नाही, हे म्हणणं मला मान्य नाही. आणि सरकार आहे, तेव्हा संस्थेनं उगाच लुडबुडू नये, हेही नाही.

खांदा नीट बदलला तर काय होतं, हे गडचिरोलीत दिसलं. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, न्यूमोनिया ओळखणं. त्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले, हे त्यांनी १९९९ साली जगापुढं मांडलं. पुढं २०११ पासून सरकारनं देशभरातल्या आशाताईंकडे घरी जाऊन बाळ तपासायचं काम दिलं. एका संस्थेनं थोड्या गावांत करून दाखवलं, मग सरकारनं वासा आपल्या खांद्यावर घेतला. हावड्यातलं असो की आमच्या डोंगरवाडीतलं, बाळ आता एकाच पद्धतीनं तपासलं जातं.

पण इथंही एक गोष्ट मनाला टोचते. आशाताई २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या. सरकार त्यांना नोकर म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं. पगार नाही, कामावर मोबदला. म्हणजे सरकार आणि समाज यांची भागीदारी जिथं खरोखर चालते, तिथं ओझं गावातल्या एका बाईच्या खांद्यावर असतं, आणि सगळ्यात कमी पैसे तिलाच. विशेष शाळांतल्या शिक्षकांचंही तेच. अनुदान उशिरा आलं की संस्था म्हणते सरकारकडून आलं नाही, सरकार म्हणतं संस्थेनं कागद दिले नाहीत, आणि बाई उसनवारीवर घर चालवून उद्या परत मुलांना घास भरवायला हजर. डोली दोघांची म्हणायची आणि खांदा तिसऱ्याचाच वापरायचा, याला भागीदारी म्हणता येत नाही.

कायदा आता पुष्कळ पुढं गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वं मान्य केली. राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांगांसाठी वेगळा विभाग झाला. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा नियम आहे. मोठ्या शहरात पाच टक्के म्हणजे कोटी होतात, आमच्यासारख्या छोट्या पंचायतीत काही हजार. त्यातून कुणाचं जग बदलणार नाही. तरी मला ते पाच टक्के मोठे वाटतात, कारण ते मागायला जिल्ह्याला जावं लागत नाही. सरपंच शेजारच्या वाडीतला, ग्रामसेवक ओळखीचा. तक्रार करायला पत्ता आहे.

सुरुवातीला विचारलं होतं, तक्रार करायची की आभार मानायचे? माझं मत आता असं झालंय, की आभार मनापासून मानावेत, पण ज्या भागीदारीत फक्त आभारच मानता येतात ती अपुरी समजावी. माणसाला जेव्हा विचारता येतं की माझा कॅलिपर लहान झाला, आता कुणाकडे येऊ, आणि दोघांपैकी एकाला तरी सांगावं लागतं की माझ्याकडे या, तेव्हा खांदेपालट नीट झाली म्हणायची. त्यासाठी मोठी योजना लागत नाही. कागदावर एक ओळ लागते: हे काम कुणाचं, तो नसेल तेव्हा कुणाचं, आणि कुठवर.

आणि त्या ओळीवर डोलीतल्या माणसाचंही मत घ्यायला हवं. आम्हाला वगळून आमच्याबद्दल काही ठरवू नका, अशी दिव्यांगांच्या चळवळीची जगभर घोषणा आहे. धाकट्याला ती घोषणा ठाऊक नाही. पण गेल्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, दिवाबत्ती असे विषय संपून लोक उठायला लागले, तेव्हा तो मांडीवर हात दाबून उभा राहिला आणि म्हणाला, "ग्रामसेवक भाऊ, पाच टक्क्यांतून यंदा काय घेतलंत ते वाचून दाखवा." ग्रामसेवकानं वही चाळली. तीन वर्षांत एक खुर्ची आणि दोन कुबड्या, बाकी शिल्लक. धाकटा म्हणाला, "आधी यादी करा. गावात कोण कोण आहेत आणि कुणाला काय हवं, ते त्यांनाच विचारा. वाड्या मी फिरतो. तुमचा शिपाई बरोबर द्या, आणि संस्थेच्या त्या बाईंना पण बोलवा."

यादीचं काम आता सुरू आहे. आठ वाड्यांपैकी पाच झाल्या. उरलेल्या तीन पऱ्यापलीकडे आहेत, तिथं दसऱ्यानंतर जायचं ठरलंय.